एक्सलचा बूट आणि सासऱ्यांचा शब्द

...नाही नाही, तुम्ही हसू नका, हसायला घरात माझी बायको आहे, ती पुरेशी आहे! पायातला बूट फाटला तर माणूस नवा घेतो, घालतो, चालायला लागतो. गाडीचा बूट फाटला की माणूस आडवा होतो... आडवा, गाडीखाली! तुम्हाला सांगतो, पुढच्या चाकाकडे जाणारा लोखंडी दांडा असतो ना, एक्सल, त्याच्या टोकाला सांधा असतो, आणि त्या सांध्यावर चुण्याचुण्यांची रबरी टोपी, आत ग्रीस भरलेली. त्या टोपीला म्हणे बूट म्हणायचं! म्हणा बापडे.

तर आमचे दोन्ही बाजूंचे फाटले. शनिवारी गॅरेजवाला वाकला, ग्रीसमध्ये बोट घातलं, ते माझ्याच गाडीच्या दाराला पुसलं आणि म्हणाला, ‘‘आता फिरवू नका, माती शिरली की सांधा गेला. मंगळवारी बघू.’’ मंगळवारी? अहो, सोमवारी दहाला बायकोची ड्रायव्हिंगची परीक्षा, याच गाडीवर! दोनदा नापास झालेली, तीन महिने थांबून ही तारीख मिळालेली, आणि तिने आधीच जाहीर केलेलं की ही हुकली तर जन्मात पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. आणि ती बोलली की तसं करते हो, चौदा वर्षांचा अनुभव आहे मला! तिचं तोंड एवढंसं झालं, मला बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मी बदलतो की घरी. त्यात काय आहे एवढं?’’

रविवारी सकाळी बसलो. नेमके सासरे मुक्कामाला. सासरे म्हणजे जन्म गेला कारखान्यात फिटर म्हणून, नुसत्या आवाजावरून सांगायचे कुठला नट ढिला आहे ते. खुर्ची टाकून शेजारी बसले, हाताची घडी, चेहरा मख्ख. एक शब्द नाही. मी मोबाईल लावला. त्यात एक स्वच्छ हातमोजेवाला, गोड आवाजात, ‘आता हा मधला नट अलगद सोडवून घ्या...’ अलगद? अरे, मी पान्यावर उभा राहिलो! पान्याला पाइप लावला, पाइपवर उड्या मारल्या, तर वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून विचारतात, वजन कमी करताय का. नट सुटला तेव्हा दुपार झाली होती. मग एक्सल ओढला, तो आला, त्याच्या मागून गिअरबॉक्समधलं तेल आलं, ते माझ्या बाहीतून शिरून कमरेपर्यंत गेलं... पण मी हरलो का? छे! त्यात काय आहे एवढं!

जुना सांधा ठोकून काढला, फाटका बूट कापून टाकला, सगळं लख्ख पुसलं. आता नवा बूट ठेवायचा कुठे? खाली माती, माझे हात कोळशासारखे. म्हणून म्हटलं, बाबा, जरा हे धरता का? धरलं बिचाऱ्यांनी, दोन्ही हातांनी. मी सांधा ग्रीसने भरला, दांड्यावर ठेवला आणि घातले घाव. एक, दोन, तीन, आणि आतून आवाज आला, टक! लॉक बसलं! काय वाटलं म्हणून सांगू, ऊर भरून आला. अभिमानाने मान वर केली...

समोर सासरे. आणि सासऱ्यांच्या हातात बूट.

अहो, बूट आधी दांड्यावर ओवायचा असतो, मग सांधा! उशी शिवून झाली आणि कापूस बाहेर राहिला, तशी गत. आणि एकदा लॉक बसलं की सांधा सहजी निघत नाही, ते त्याचसाठी असतं! मी मटकन खालीच बसलो. तेवढ्यात बायको बाहेर आली, तिने दांडा बघितला, बूट बघितला, आणि वळली ती वडिलांकडे.

‘‘बाबा, तुम्हाला दिसत नव्हतं?’’

‘‘दिसत होतं की,’’ सासरे शांतपणे म्हणाले. ‘‘पण तुझ्या आईला शब्द दिलाय, जावयाच्या कामात बोलायचं नाही.’’

‘‘आईला मी बघते. आज बोला.’’

झालं! पाच तासांचं तुंबलेलं धरण फुटलं! घाव तिथे नाही, इथे... हातोडा लाटण्यासारखा नाही धरायचा, जावईबापू... ग्रीस कोपरांना लावायला नाही दिलेलं... बायकोने पदर खोचला, हातोडा माझ्याकडून काढून घेतला, बापाने बोट ठेवलं तिथे दोन घाव घातले, आणि निघाला की हो सांधा! मला काम काय, तर हे दे, ते धर, उजेडातून बाजूला हो. तिन्हीसांजेला दोन्ही बाजूंचे बूट बसले, चाकं चढली, तेल भरलं, आणि ती गाल काळा करून मला म्हणते कशी, त्यात काय आहे एवढं!

सोमवारी मी परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेर उभा. ती गाडी घेऊन आत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली, चेहऱ्यावर काही नाही, माझ्यासमोर गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाली, ‘‘झाले पास.’’ खोटं कशाला बोलू, रडलो मी. तीही रडली.

आणि गाडी काय चालते म्हणता! वळणावर हूं नाही, चूं नाही, लोण्यासारखी वळते. रोज सकाळी नऊला बघतो ना मी, ती ऑफिसला निघते तेव्हा... हातसुद्धा करते मला.

मी बसस्टॉपवरच असतो त्या वेळी.