एका टायमाले एकच

तुम्ही हसाल, पण त्या आठवड्यात मला झोपच नव्हती. आमच्या ओवीचा शाळेचा डबा रोज भरलेलाच परत यायचा. विचारलं तर नुसती मान हलवायची. मी घाबरून भाजी बदलली, पोळीचा रोल केला, चमचा बदलला, दप्तरसुद्धा बदललं. शिकलेली आई ना मी!

एका संध्याकाळी ओवीचा बाबा निखिल तिला मांडीवर घेऊन कॉम्प्युटर गेमच्या स्टिअरिंगसमोर बसला होता. स्पीकरवर अकोल्याहून माझा दीर अंकुश. दोघे भाऊ ऑनलाइन रेसिंग लीगमध्ये खेळतात. रविवारच्या रेससाठी दोन टूरिंग कार, म्हणजे शर्यतीच्या गाड्या, पडद्यावर पळवून बघणं चाललं होतं.

"दादा, लाल गाडी बरी होती, पण आता वळणावर गरकन फिरून राहिली!"

"काय बदललं तू?"

"टायरची हवा, ब्रेक, सस्पेन्शन..."

"अबे, सगळं एकदम काहून बदललं? मंग बिघडलं कायनं, ते कसं समजन? एका टायमाले एकच. पहिले मागचं सस्पेन्शन सैल कर, बाकी राहू दे."

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "इथं पोरगी उपाशी राहून राहिली, अन् तुम्हाला गाडीची पडली!"

सकाळी मी मुगाची धिरडी, नवा रुमाल, नवी बाटली, सगळं मांडून ठेवलं. ओवीनं कमरेवर हात ठेवले.

"आई, तू पण अंकुशकाकासारखं सगळं एकदम काहून बदलून राहिली? डब्याचं झाकण माह्यानं उघडतच नाही. पहिले ते सैल कर, बाकी राहू दे."