दोघांपैकी एकानं

नाही हो काका, त्या बाजूला पाणी उथळच आहे, तुमची नात मजेत आहे — बसा तुम्ही. माझी ती पिवळ्या टोपीतली, भिंगरी म्हणतो आम्ही तिला. मी? मी उभाच बरा. बसलं की पाय हलायला लागतात, बायको म्हणते, एक दिवस खुर्चीसकट उडशील — आता उडणं कुठलं म्हणा. पायलट होतो. दोघंही. हो, बायकोसुद्धा, आणि माझ्याहून वरचढ — ती कॅप्टन, मी शेजारच्या खुर्चीतला. घरीही तेच, लोक हसतात, हसू देत. कंपनी एकच, ती बुडाली, दोघंही एका दिवसात घरी. तेव्हापासून काय केलं? नळ दुरुस्त केले. जे गळत नव्हते तेसुद्धा.

तर आता तिला परदेशात नोकरी लागलीय — परवा निघतेय. घरभर बॅगा उघड्या, स्वयंपाकघरात जायचं तर उड्या मारत जावं लागतं. आमचं ठरलेलंच होतं, ज्याला आधी मिळेल त्यानं जायचं, दुसऱ्यानं पोरीपाशी राहायचं. मी राहणार. वेणी घालायला शिकलोय, जरा तिरकी होते, पण चालवून घेते ती. — छे, वाईट कशाला वाटेल? उलट सुटलो. या वयात पुन्हा परीक्षा, पुन्हा मुलाखती, कोण करतंय.

म्हणजे — बोलावणं मलाही आलं. तिच्यामागोमाग. भलत्याच देशातून, तिच्यापासूनही लांब. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन — पण ते दोन दोन दिशांना बघायला लागले तर माणसानं चालावं कसं? नाही, तिला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर काय केलं असतं तिनं, ठाऊक आहे? एक शब्द न बोलता बॅगा रिकाम्या केल्या असत्या. भिंगरी झाली तेव्हाही तेच — स्वतः घरी बसली, मला म्हणाली, तू उडत राहा, माझं बघू मागाहून. म्हणून म्हटलं, या खेपेला आपणच नाही म्हणून टाकावं, विषय संपला.

म्हणालो का? म्हणणारच होतो. आज सकाळी फोन घेऊन गच्चीवर गेलो, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते — घरची अडचण आहे, जमणार नाही. पलीकडची बाई गोड बोलली, एवढंच विचारलं, मग येताय ना? आणि मी हो म्हणालो. लगेच. उपाशी माणसापुढे ताट सरकवल्यावर तो काय लाजतो? तसं झालं. खाली आलो तर ही बॅगेवर बसून चेन ओढत होती, म्हणाली, जरा दाब ना इथं. मी दाबलं.

पोर? पोर राहील माझ्या बहिणीकडे — म्हणजे बहिणीला अजून विचारायचंय. बायकोलाही सांगायचंय. आधी तिला जाऊ दे, मग सांगेन, तिकडून तिला परत फिरता येणार नाही — असं बघू नका काका. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय, आणि तुमचं नावही माहीत नाही मला.

आली बघा. हळू गं, घसरशील. ये, टॉवेल घे, केस पूस आधी, आई थांबलीय घरी. — कुठं काय? काही नाही, पोहण्याबद्दलच बोलत होतो आम्ही. हो ना, काका?