अदूफची सुलट बाजू

—नाही, आत नको. तिथंच उंबऱ्यावर बस. आणि मोठ्यानं बोल गं, पुटपुटतेस काय! कुणी धाडलं तुला? समोरच्या ऑर्लांदानंच ना? उद्या मिरवणुकीत मारियामातेपुढं पहिलं अदूफ वाजणार माझं, या फेलिस्मिनाचं — आणि तिचा डोळा त्या जागेवर. म्हणून चीजच्या कारखान्यातली मोरोक्कोची पोर माझ्या दारात! — रस्त्यानं जाताना आवाज ऐकलास? रोज ऐकतात लोक. कुणी येतं का आत?

काय? तुझ्या आजीचंही डफ असंच होतं? चौकोनी? दोन्हीकडून कातडं, आत खुळखुळणाऱ्या बिया? अगं जा! आणि तेही बायकाच वाजवायच्या? हे आमच्या पोर्तुगालातलं, माझ्या आईच्या हातचं. समुद्रापलीकडं काय पोहत गेलं? — तिकडून इकडं आलं म्हणतेस? म्हणजे चोर आम्हीच! छान!

घे, वाजवून दाखव. फार झाली तोंडाची वाफ. — अंगठा तिथं नाही... हं, तिथंच. कुणी शिकवलं? ऑर्लांदानं? — आजीनं, आजीनं, ऐकलं मी, ओरडू नकोस!

अन् उलटं का केलंस? मी दिलं तसं धर. एका अंगाला शेळीचं कातडं, दुसऱ्या अंगाला बोकडाचं, वाजवायचं शेळीचं — हे तू मला शिकवणार? जन्म गेला माझा यात. — काय? बोकडाची बाजू दिली मी? खोटं! आवाजावरून कळतं म्हणे! आण इकडं. बोटांनी बघते... ही बाजू मऊ. आणि मी तुझ्यापुढं धरलेली ही... जाड, खरखरीत.

अगं बाई.

मग मागच्या जत्रेत — देवळापर्यंत सगळी वाट — मी हीच बडवत होते? म्हणून ती ऑर्लांदा हसत होती! मला वाटलं, माझ्या नव्या शालीला हसतेय. आणि एकीनंही सांगितलं नाही गं. एकीनंही नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ.

तू कशाला सांगितलंस? तुला काय मिळणार? कारखान्यात जाऊन सगळ्यांना हसवणार? ...बघू डोळे. हं.

ही लाल फीत घे. शेळीच्या बाजूला, कोपऱ्यावर बांध — बारीक, बोटाला लागेल एवढीच. आणि उद्या माझ्या मागं चाल. उलटं धरलं तर खोकायचं — छे, खोकलेलं कुठलं ऐकू येतंय मला. माझी शाल ओढ. हळूच.

जा आता. मागच्या दारानं जा, पुढं ऑर्लांदाची खिडकी आहे.