वर लिहिलंय की

—नाही नाही, मिशीवाले, ताटं अशी आडवी नाही ठेवायची, उभी ठेवायची, एकामागे एक, शाळेतल्या पोरांसारखी — आडवी रचली की सगळं घर खालच्याच्या छातीवर बसतं. कंपनीत शिकवलं नाही वाटतं? गणवेश दिला, टोपी दिली, चिकटपट्टी दिली, अक्कल तेवढी टेम्पोत राहिली. रागावू नका हो, मी सगळ्यांनाच बोलतो, जावयाला तर दोन वेळा. हे माझं एकविसावं घर — एकविसावं! तुम्ही तेवढ्या चपला बदलल्या नसतील. पुलांना रंग द्यायचो ना मी, लोखंडी पूल, चंदेरी रंग, दोरावर लटकून — पूल संपला की घर संपलं. शाळा चौथीपर्यंत, पण घर हलवण्यात पदवीधर आहे. विचारा काय विचारायचं ते. नाही विचारत? मग मीच सांगतो.

पलंग सोडवला की त्याचे स्क्रू पिशवीत घाला आणि पिशवी पलंगाच्याच पायाला बांधा — ‘नीट जपून ठेवलेत’ म्हणणाऱ्यांचे स्क्रू पुढच्या घरी नाही, पुढच्या जन्मी सापडतात. पुस्तकं लहान खोक्यात, उशा मोठ्या; उलटं केलंत तर कंबर जन्मभर शिव्या घालते. कपाट उचलायच्या आधी दार मोजा, आणि दाराच्या आधी जिना — तेराव्या घरी आमचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं ते दोन दिवस, वरच्या काकू त्यावरून चढून भाजी आणायच्या, मी तिथे तिकिटं लावणार होतो. चहाचं सामान शेवटी भरा, म्हणजे पहिलं निघतं. आणि निघताना दारामागे बघा, खुंटीला काहीतरी राहतंच. बघा, आहे ना? तिचा स्वेटर. राहू द्या. मी काढतो शेवटी.

आमची ही. मागच्या थंडीत गेली, मंगळवारी, सकाळी. दूध गॅसवर होतं. मी गॅस बंद केला, डॉक्टरांना फोन केला, मग दूध गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवलं. रडलो वगैरे नाही. लेक म्हणाली, बाबा, रडा तरी. म्हटलं, येईल तेव्हा येईल, आत्ता काही येत नाहीये. अजून नाही आलं. तुम्ही पट्टी लावा, मी बोलतोय म्हणून थांबू नका.

तर सगळ्यात मोठा नियम — जे खोकं दोन घरं न उघडता आलं, ते तिसऱ्या घरी न्यायचं नाही. उघडूनही बघायचं नाही, उघडलं की माया सुटते. सरळ टाकायचं. मेहुणीला हे सांगितलं, तिने टाकलं, त्यात तिच्या लग्नाचे फोटो निघाले — दहा वर्षं बोलत नाही माझ्याशी. त्याने तर नियम आणखी पक्का झाला.

कुठलं? ते कोपऱ्यातलं? ते... तीन घरं झाली त्याला. हो, आत्ताच म्हणालो मी, माहितीय मला काय म्हणालो ते! मोठे वकील. आणि लेकीने सांगितलंय सहाच खोकी, तिच्याकडे माझ्यासाठी एकच खोली, हे सातवं. तेही माहितीय.

ऐका आता. हिला लिहिता-वाचता येत नव्हतं. खोक्यांवर नावं मी टाकायचो, आणि मी कसली नावं टाकणार? डब्यांवर ‘साप’ लिहायचो, अंथरुणांवर ‘बँकेतून आणलेले’ — हमाल एकमेकांकडे बघायचे, मला मजा. ही विचारायची, काय लिहिलंत हो? मी म्हणायचो, डबे लिहिलंय, दुसरं काय. ती आपली गाठींवर चालायची. सुतळीला एक गाठ म्हणजे स्वयंपाकघर, दोन म्हणजे कपडे, तीन कागदपत्रं आणि औषधं. कधी चुकली नाही. तर अठरावं घर सोडताना एका रिकाम्या खोक्यावर मी आधीच लिहून ठेवलं, ‘दगड’. तिने भरलं, बांधलं, पाच गाठी मारल्या. पाच म्हणजे काय? म्हणाली, काचेचं आहे, जपून. आणि मी जपलं हो! हमालांना हात लावू दिला नाही, तीन घरं पाठीवर नेलं, हा मणका त्यानेच गेला. उघडू का म्हटलं की म्हणायची, नंतर, घाई काय आहे? आणि तोंडावर हात ठेवायची. ती गेली, आणि पाच गाठी म्हणजे नेमकं काय, ते आता कोणाला माहीत? म्हणून नेणार की नाही ते मी अजून — तुम्ही काय करताय तिकडे?

कापलीत? सुतळी कापलीत! अहो, बूड फाटलं म्हणून दुसऱ्या खोक्यात — हो, कंपनीचा नियम, सगळ्यांनाच नियम असतात — पण त्या गाठी तिच्या होत्या. मला त्या तशा मारता येत नाहीत. द्या इकडे तुकडे. सगळे. तो पायाखालचाही.

हळू काढा, काच आहे. वर्तमानपत्रात किती छान गुंडाळलंय बघा, एकेक. हे काय... सोडा आणखी एक. आणखी.

दगड आहेत.

नदीतले आहेत हे, गुळगुळीत. आणि हे चंदेरी थेंब बघा — हा माझा रंग, अठराव्या घराजवळच्या पुलाचा, खाली टपकायचा. पुलाखाली जाऊन एकेक वेचून आणलेत बाईने. पण तिला कसं कळलं मी काय लिहिलं होतं? तिला वाचता येत नव्हतं. नव्हतं ना येत? तो मोठा द्या, त्यावर काहीतरी... अक्षरं आहेत ही. माझ्याच रंगाने, काडीने काढलीयत. ‘तुमी’. ह नाही घातला. म्हणजे खोक्यावर दगड आणि दगडावर तुमी. मी दगड! शिकली कधी? कोणाकडे? तीन घरं मी... आणि ती तोंडावर हात ठेवून...

हसू नका. बरं, हसा.

गुंडाळा परत, होते तसे, एकेक, आणि त्याच खोक्यात घाला, बुडाला पट्टी लावून. टीव्हीचं खोकं इथेच राहू द्या, घरमालकाला सांगतो ठेवून घ्यायला. झाली सहा. काय म्हणता, जड आहे? असणारच. वर लिहिलंय की.

वरून चिकटपट्टी नको. सुतळी ठेवा इथे आणि तुम्ही खाली जा, टेम्पोत बसा. जा म्हटलं ना.