साहेबले इचार

पारोळ्यात दाखल्याच्या रांगेत उभ्या यशोदाबाई पुढच्या दोघांच्या वादात इतक्या रंगल्या, की पुढे सरकायचंच विसरल्या. पुढे फौजेतला एक रिटायर हवालदार होता आणि त्याची बारावीतली पुतणी.

"दिपमाला, फौजमा पोरीसनं काय काम शे?"

"नर्सचं, नाना. पप्पा म्हणतात, तुम्ही हो म्हणाल तरच फॉर्म भरायचा."

"मंग नको भरू."

"फौजेत तुमचा पाय मोडला तेव्हा कोणी सांभाळलं?"

"सिस्टरनी. भलती कडक व्हती. मन्ही बिडीबी फेकी दिन्ही."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलसू? कॅप्टन व्हती ती! रोज सलाम ठोकना पडे."

"प्लास्टरमध्ये?"

"पडल्या पडल्या!"

"मग मी परीक्षा पास झाले, तर चार वर्षं शिकवतील आणि लेफ्टनंट करतील."

"लेफ्टनंट? तू?"

"हो. हवालदाराच्या वर ना?"

"लई वर."

यशोदाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात खिडकीतून कारकुनाने विचारलं, "बोला नाना, कोणता दाखला?"

नानाने बाजूला सरकून पुतणीला पुढे केलं.

"माले काय इचारस? साहेबले इचार."