दोन रिंगांचा होकार

अगं, आमच्याकडे फोन आला त्याच वर्षी माझं लग्न ठरत होतं, पण बाबांना घोर होता तो बिलाचा. बाहेरगावी गेलेल्याने सुखरूप पोचलं की पनवेलला आमच्या घरी दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचं, हा त्यांचा नियम. तिसऱ्या रिंगेआधी घरात कोणी फोनला हात लावायचा नाही. मला बघायला आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनाही त्यांनी हे पोह्यांबरोबर कौतुकाने ऐकवलं.

"रविवारी फोनवर कळवतो," म्हणून पाहुणे गेले.

रविवारी दोन रिंगा वाजल्या आणि बंद. सगळे तर घरात! थोड्या वेळाने पुन्हा दोनच.

"नकार सांगायला जीभ रेटत नसेल त्यांची," आई रडवेली झाली.

शेवटी बाबांनी काळजावर दगड ठेवून पुण्याला एसटीडी लावला. पलीकडून मुलाचे वडील उखडलेच.

"अहो, दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक, तुम्हीच सांगितलंत ना? मुलगी पसंत आहे! ठेवा आधी, बिल पडतंय तुम्हाला!"

बाबांनी फोन ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे.

"पोरी," म्हणाले, "असं तोलामोलाचं स्थळ शोधून सापडलं नसतं."