‘परत फिरा’ म्हणायचं कुणी

माणसं पहिल्यांदाच चंद्रावर उतरणार होती. यान उतरेपर्यंत ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाची दारं बंद राहणार होती, म्हणून त्याआधी आम्ही मुतारीसमोर रांगेत उभे होतो. माझ्यापुढे यानाच्या इंधनावर नजर ठेवणारा लॉयड होता, त्याच्यापुढे त्याचा वरिष्ठ वेंडेल.

"सकाळपासून कितव्यांदा आलास रे इथं?"

"विचारू नका. इंधन संपत आलं, तर ‘परत फिरा’ मीच म्हणायचं ना?"

"तूच. काटा तुझ्यासमोर आहे."

"आणि ते जमिनीपासून हातभरच वर असले तर?"

"तरीही."

"आई आज चर्चमध्ये सगळ्यांना सांगून आलीय, माझा लॉयड त्यांना चंद्रावर उतरवणार म्हणून."

"तिला सांग, तू त्यांना घरी आणायला बसलायस."

"ऐन वेळी तोंडातून शब्दच फुटला नाही तर?"

"आत्ता म्हणून दाखव."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"इथंच."

"परत फिरा."

"मला ऐकू आलं नाही, त्यांना काय जाणार?"

"परत फिरा."

या वेळी तो ओरडलाच. रांगेतलं कुणीच हसलं नाही. तेवढ्यात आतून एकजण बाहेर आला. वेंडेल बाजूला सरकला.

"तू हो पुढे. माझं थांबेल."